गिअरबॉक्सखाली ऑइल गळायलंय, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी घरी काय काय तपासता येईल?

होटगी_रोडवाला

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. आमची पेट्रोल हॅचबॅक आहे २०१४ ची, मॅन्युअल, पाच गिअरची, ९२ हजार किमी झालेत. मागच्या काही दिवसांपासून पार्किंगच्या फरशीवर डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या जरा आतल्या अंगाला डाग पडायलाय. आधी वाटलं एसीचं पाणी असेल, कारण सोलापुरातलं ऊन माहितीच आहे, ४२-४३ ला एसी बंद करायची सोय नाही, पण बोट लावून बघितलं तर चिकट तेल.

जवळच्या गॅरेजला दाखवली. मिस्त्रीने खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवलाच तर क्लच प्लेट पण टाकून घ्या. आकडा ऐकून घरी आलो. माणूस खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही, पण खालचा सगळा भाग तेलाने आणि धुळीने माखलेला असताना नेमकं तिथूनच गळतंय हे त्याला कसं कळलं हा प्रश्न डोक्यातून जाईना. गाडी चालायला चांगली आहे, गिअर नीट पडतात, क्लच घसरत नाही, फक्त तेवढा डाग.

घरी पिट नाही, रॅम्प नाही, साधा जॅक आणि पाने आहेत. नेमकं कुठून गळतंय हे घरी शोधता येतं का? आणि आई-वडिलांना तुळजापूरला घेऊन जायचंय पुढच्या आठवड्यात, गाडी न्यावी का नको?

गिअर_अण्णा

मालक, पहिलं काम म्हणजे गळतंय ते कुठलं ऑइल आहे ते ठरवा, गिअरबॉक्स उतरवायचं नंतर बघू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझी बरीच वर्षं गाड्यांखाली गेलीत, त्यावरून सांगतो, "गिअरबॉक्स गळतोय" म्हणून आलेल्या गाड्यांत इंजिन ऑइलच गळत असलेल्या भरपूर असतात. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, पॅकिंग गेलं की तेल इंजिनच्या मागनं ओघळत खाली येतं आणि बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन ठिबकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं मधलं सील गेलं.

आज रात्री एक मोठा पांढरा पुठ्ठा घ्या, टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा चालेल, आतली स्वच्छ बाजू वर करून गाडीखाली सरकवा. त्यावर पेनाने पुढच्या दोन्ही चाकांची जागा आणि बंपरची रेघ मारून ठेवा म्हणजे सकाळी थेंब नेमका कशाच्या खाली पडला ते कळेल. नुसत्या फरशीवर डाग पसरतो, काही समजत नाही.

सकाळी थेंबाचा रंग बघा, दोन बोटांत चोळा आणि वास घ्या. वास फार महत्त्वाचा. मॅन्युअलच्या गिअर ऑइलमध्ये गंधकाचं औषध असतं, गिअरच्या दातांवर जोर येतो म्हणून घालतात, त्यामुळे त्याला एक उग्र, कुजकट वास येतो, एकदा घेतला की माणूस विसरत नाही. ते इंजिन ऑइलपेक्षा जाड लागतं आणि रंग मधासारखा ते तपकिरी. इंजिन ऑइल चाललेलं असेल तर काळपट असतं आणि वास जळका. तुमच्या इंजिनची डिपस्टिक काढून त्याचा एक थेंब शेजारीच पुठ्ठ्यावर टाका आणि दोन्ही डाग ताडून बघा, निम्मा निकाल तिथेच लागतो.

पातळ, जवळजवळ बिनरंगी किंवा पिवळसर आणि बोटाला बुळबुळीत असेल तर ते ब्रेक ऑइल. तुमचा क्लच केबलवरचा आहे का हायड्रॉलिक ते बघा, हायड्रॉलिक असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा) गिअरबॉक्सलाच असतो आणि तो गळला तरी लोक गिअरबॉक्सवरच आळ घेतात. ब्रेक ऑइल निघालं तर मात्र गाडी हलवू नका, आधी बॉनेट उघडून टाकीतली लेव्हल बघा. हिरवं किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, चाखून बघू नका, विषारी असतं. लाल पातळ तेल असेल तर ते बहुतेक पॉवर स्टीअरिंगचं, पण तुमच्या मॉडेलला इलेक्ट्रिक स्टीअरिंग असेल तर तो विषयच नाही.

सात_रस्ता_९०

अण्णा बरोबर सांगायलेत पण एवढं टेन्शन घ्यायचं कारण नाही भाऊ. जुन्या गाडीला थेंब-थेंब असतंच. माझ्या आधीच्या गाडीला पण होतं, वर्षानुवर्षं चालवली. सर्व्हिसिंगला टॉप-अप करायला सांगा आणि बिनधास्त तुळजापूरला जावा, ४५ किमी तर आहे.

गिअर_अण्णा

भाऊ, इंजिनच्या बाबतीत तुमचं म्हणणं काही अंशी चालेल, कारण डिपस्टिक आहे, लाल दिवा आहे, कमी झालं तर कळतं. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नाही आणि दिवा तर नाहीच. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा फक्त इंजिनचा. आत एकूण तेलच साधारण दोन लिटरच्या आसपास असतं. त्यातलं किती गेलं हे बाहेरून कळत नाही, कळतं तेव्हा बेअरिंगचा घोंघाट सुरू झालेला असतो आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. आई-वडील बसणार असतील तर आधी लेव्हल बघितल्याशिवाय मी तरी गाडी नेऊ देणार नाही.

भीमाकाठची

मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, चालवून घ्या. अण्णांनी ऑइल ओळखायचं सांगितलं, मी जागा शोधायचं सांगते.

सगळ्यात आधी सुरक्षितता. गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलायला असतो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, हात सुद्धा नाही. दोन जॅक स्टँड आणा, भाड्याने मिळतात, किंवा ओळखीच्या वॉशिंग सेंटरवाल्याला अर्ध्या तासासाठी रॅम्प मागा, मला तर तोच मार्ग जास्त पटतो. विटा रचून गाडी टेकवतात काही जण, वीट वजनाखाली अचानक फुटते, कृपा करून तसं करू नका. जागा सपाट आणि पक्की पाहिजे, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. आणि गाडी चालवून आल्या आल्या खाली जायचं नाही, सायलेन्सरचा पाइप भाजतो.

आता मूळ गोष्ट. तेल जिथून ठिबकतं तिथूनच ते गळत असतं असं नाही. गाडी पळत असताना वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली येतं, म्हणजे डाग कायम खऱ्या जागेच्या खाली आणि मागे सापडतो. म्हणून ओला भाग बघताना नेहमी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधायचा. तुमच्या मिस्त्रीने सगळ्यात खालचा बिंदू बघितला असणार, आणि गिअरबॉक्सचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे ते मधलं घर, जिथे क्लच असतो. वरचं कुठलंही तेल शेवटी तिथेच येऊन लोंबकळतं.

माखलेल्या गिअरबॉक्सवर काहीच सापडत नाही, त्यामुळे तो धुवून कोरडा करणं हेच निम्मं निदान आहे. इंजिन थंड असताना डिग्रीजर मारा, नसेल तर ब्रशने थोडं डिझेल लावून घासा आणि कापडाने कोरडं पुसा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट मारायला सांगू नका, गिअरबॉक्सच्या वर एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात, त्यातून पाणी आत जाऊ शकतं आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्येही. डिझेल वापरलं असेल तर शेवटी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर डिझेलचाच ओलावा गळती वाटेल. गरम सायलेन्सरजवळ डिझेल राहू देऊ नका हे वेगळं सांगायला नको.

वाळल्यावर साधी टाल्कम पावडर घ्या, लहान मुलांना लावतो तीच, आणि संशयाच्या जागांवर पातळ थर उडवा. मग गाडी वीसेक किलोमीटर चालवा, थोडी हायवेला पण, कारण तेल गरम होऊन पातळ झाल्याशिवाय आणि आत थोडा दाब आल्याशिवाय बारीक गळती दिसत नाही. पुणे-हैदराबाद रस्त्याला मोहोळच्या दिशेला जाऊन परत आलात तरी पुरे. थंड होऊ द्या आणि मग टॉर्च घेऊन बघा, पांढऱ्या पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते ती तुमची जागा.

बघायच्या जागा मॅन्युअलमध्ये मोजक्याच असतात. चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जिथे घुसतो तिथलं गोल सील, डावं आणि उजवं दोन्ही. खालचा ड्रेन प्लग आणि बाजूचा फिलर प्लग, इथे बऱ्याचदा फक्त वायसर गेलेलं असतं. वरच्या बाजूला गिअर लिव्हरची केबल जोडलेली असते तो शिफ्ट शाफ्ट, त्याचं सील. रिव्हर्स लाइटचा स्विच. आणि शेवटी इंजिन-गिअरबॉक्सचा जोड. या सगळ्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो तो फक्त शेवटच्या बाबतीत, म्हणजे आतलं इनपुट शाफ्टचं सील किंवा इंजिनचं मागचं मेन सील. बाकी सगळं गाडीवरच होतं. म्हणून मिस्त्रीला हो म्हणायच्या आधी तुम्ही हे करताय ते अगदी योग्य आहे.

अजून एक, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर किंवा रिमवर गोल फवारा उडाल्यासारखं घट्ट काळं ग्रीस दिसलं तर ते ऑइल नाहीच, ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटलाय.

होटगी_रोडवाला

ताई आणि अण्णा, तुमचे उपकार. एवढं मनापासून कोण सांगत नाही हो. पुठ्ठा काल रात्री टाकला, थेंब डाव्या चाकाच्या रेषेच्या आतल्या बाजूला आणि मधल्या घराच्या खाली अशा दोन ठिकाणी पडलाय. इंजिन ऑइलचा थेंब शेजारी टाकला तर तो काळा आणि हा तपकिरी, अण्णा म्हणतात तसा वास पण आहे, नाकात बसला अक्षरशः. म्हणजे गिअर ऑइलच. क्लच केबलवरचा आहे, त्यामुळे ब्रेक ऑइलचा प्रश्न मिटला. रविवारी मेव्हण्याच्या ओळखीच्या वॉशिंग सेंटरला रॅम्प मिळतोय, पावडरचं तिथे करतो.

जुळे_सोलापूर

मध्येच विचारतो माफ करा, माझी सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा-पुलीवाली) ऑटोमॅटिक आहे, खाली हलकं हिरवट-पिवळसर तेल दिसलं. मला पण हेच सगळं करता येईल का? आणि दुकानदार म्हणतो ऑटोमॅटिकचं लाल तेल कुठलंही चालतं, टॉप-अप करून टाका.

भीमाकाठची

पुठ्ठा, धुणं, पावडर, तेवढं तुम्हीही करा. पण तेल घरी टाकू नका आणि "कुठलंही चालतं" हे तर अजिबात ऐकू नका. सीव्हीटीमध्ये पट्टा किंवा साखळी पुलीवर घर्षणावर चालते आणि ते घर्षण त्या ठराविक फ्लुइडवर अवलंबून असतं, साधं लाल एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) टाकलं तर पट्टा घसरून पुली खराब होते, मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या हिशोबात जातो. रंगावर पण पूर्ण जाऊ नका, सीव्हीटीची फ्लुइडं वेगवेगळ्या रंगांची येतात. बऱ्याच ऑटोमॅटिकना आता डिपस्टिक देत नाहीत, लेव्हल बघताना तेल एका ठराविक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून बघावी लागते, ते स्कॅनर असलेल्या ठिकाणीच होतं.

तुमच्या गाडीत अजून एक जागा बघा. ऑटोमॅटिकचं तेल थंड करायला रेडिएटरकडे किंवा वेगळ्या कूलरकडे दोन नळ्या जातात, त्यांचे जोड. आणि कूलंटच्या टाकीत गुलाबी दुधाळ काही दिसलं तर तेल आणि कूलंट आतल्या आत मिसळतंय, गाडी तिथेच बंद करा. डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा ओढत असेल, आरपीएम चढतोय पण वेग चढत नाही असं होत असेल तरी चालवू नका. उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून न्या, पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढून नेली तर आत तेल न फिरता भाग फिरतात.

जुळे_सोलापूर

धन्यवाद ताई, टॉप-अपचा विचार सोडला.

होटगी_रोडवाला

अपडेट देतो. वॉशिंग सेंटरला रॅम्पवर घेतली, डिग्रीजर मारून ब्रशने घासून काढली, नुसता चिखल आणि तेलाचा थर होता, खाली ॲल्युमिनियम आहे हे पहिल्यांदा दिसलं. वाळवून पावडर मारली, हायवेला जाऊन आलो, परत रॅम्पवर घेतली. टॅपेट कव्हरच्या बाजूने खाली येणारा भाग कोरडा. शिफ्ट शाफ्टच्या भोवती कोरडं. रिव्हर्स स्विच कोरडा. दोन्ही प्लग कोरडे. डावा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये घुसतो तिथे पावडर पूर्ण भिजून लगदा झाली होती आणि तिथून ओली रेघ खालच्या कडेने वाहत मधल्या घराच्या दिशेने गेली होती. मधल्या घराच्या जोडाच्या वरच्या अर्ध्या भागात पावडर जशीच्या तशी पांढरी, फक्त खालचं टोक ओलं. म्हणजे मिस्त्रीला जे दिसलं ते हे खालचं टोक.

आणि एक गोष्ट आता आठवली. दिवाळीच्या आधी डाव्या बाजूचा तोच रबरी बूट फाटला होता, तो बदलून घेतला होता एका ठिकाणी, शाफ्ट बाहेर काढला होता. त्याचा संबंध असेल का?

गिअर_अण्णा

शंभर टक्के असू शकतो. शाफ्टच्या टोकाला दातेरी खाचा असतात, शाफ्ट परत आत घालताना तो तिरपा गेला किंवा सीलच्या ओठावर टेकला तर त्या खाचा रबर कापतात. लगेच गळत नाही, ओठ हळूहळू उलटतो आणि काही महिन्यांनी डाग पडायला लागतो. शाफ्ट काढला की सील नवीन टाकायचं ही सवय असावी, काहीशे रुपयांची वस्तू आहे ती, पण घाईत राहून जातं लोकांचं.

तर आता तुमचं काम गिअरबॉक्स न उतरवता होतंय. चाक काढून, हबचा नट सोडून, खालचा बॉल जॉइंट सोडून शाफ्ट बाहेर, जुनं सील काढून नवीन बसवायचं. हे घरी करू नका असं मी म्हणेन, हबच्या नटाला भयंकर जोर लागतो आणि टॉर्क रेंचशिवाय परत आवळणं बरोबर नाही. पण मिस्त्रीकडे उभं राहून एवढं करून घ्याच. शाफ्ट काढला की तेल बाहेर येणार, म्हणून आधीच ड्रेन करा, तसंही ९२ हजारला तेल बदलायला हरकत नाही. ड्रेन प्लग उघडायच्या आधी वरचा फिलर प्लग सुटतोय का बघा, जाम असेल तर तेल काढून बसाल आणि भरायला जागाच नाही, अशी गाडी अडकून पडते. शाफ्टचा जिथे सील बसतो तो भाग नखाने चाचपा, खाच पडली असेल तर नवीन सील पण गळेल. शाफ्ट काढायच्या आधी वरखाली हलवून बघा, जास्त ढिला वाटला तर आतलं बेअरिंग गेलंय, मग सील बदलून उपयोग नाही, तेव्हा पुढचा विचार करावा लागेल. नवीन सीलच्या ओठाला थोडं गिअर ऑइल लावून मगच शाफ्ट घाला, सरळ घाला. टोकाची सर्क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी रिंग) नवीन टाका.

आणि ब्रीदरची टोपी काढून मोकळी करा, हे कोणीच करत नाही. आपल्याकडची धूळ आणि वरून तेलाचा थर, तो बुजतो, मग तेल गरम झालं की आतला दाब बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तो सीलमधून वाट काढतो. सील नवीन टाकून ब्रीदर बुजलेला ठेवला तर परत इथेच याल.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, बहुतेक जीएल-४ (तेलाचा दर्जा) असेल, जाडी ७५डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-८० जी लिहिली असेल ती. जीएल-४ लिहिलं असताना दुकानात जीएल-५ दिलं तर घेऊ नका, त्यातलं औषध जास्त असतं आणि सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगांच्या) पितळेला ते मानवत नाही. गाडी चारही चाकांवर सपाट असताना फिलरच्या भोकातून तेल कडेला येऊन बाहेर ओघळायला लागलं की थांबा, जास्त भरलं की ते ब्रीदरमधून बाहेर येतं. दोन्ही प्लगची वायसर नवीन.

सात_रस्ता_९०

अण्णा, तुमचं बघून मी पण माझ्या गाडीची लेव्हल बघायला टाकतो या शनिवारी. आधी जे लिहिलं ते टॉप-अपचं मागे घेतो, दिवा नसतो हे डोक्यात नव्हतं.

होटगी_रोडवाला

अण्णा, ताई, मनापासून आभार. आज दुसऱ्या मिस्त्रीला फोटो पाठवले, ओली पावडर दिसल्यावर तो लगेच म्हणाला एक्सल सील, म्हणजे ते ड्राइव्ह शाफ्टचंच सील आहे, एका दिवसाचं काम, आणि आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. तुळजापूर सील बदलल्यावर, घरच्यांना सांगितलं. फक्त एक राहिलं, सील मी स्वतः आणून देऊ का त्याच्यावरच सोडू?

गिअर_अण्णा

स्वतः आणा. चॅसी नंबर सांगून मागा, नुसतं मॉडेल सांगू नका, कारण बऱ्याच गाड्यांत डावं आणि उजवं सील मापाने वेगळं असतं आणि काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण पण असतो. जुनं सील काढल्यावर नवीन त्याच्या शेजारी ठेवून बाहेरचं आणि आतलं माप ताडून बघा, मगच ठोकायला द्या. आणि ठोकताना नुसती हातोडी नको, सीलच्या मापाचा पाइप किंवा सॉकेट ठेवून चारी बाजूंनी सारखं आत जायला पाहिजे.